गोड गंधाची कुळकथा

सुगंधी द्रव्यांच्या एखाद्या आधुनिक दुकानात ग्राहक गेला, की विक्रेता त्याच्यापुढे कागदाच्या अरुंद पट्ट्या एकामागून एक धरू लागतो. पहिल्या दोन पट्ट्यांपर्यंत ग्राहकाचे नाक प्रामाणिक असते. तिसऱ्या पट्टीला ते भांबावते आणि पाचव्या पट्टीनंतर ते विक्रेत्याच्या शब्दांवर विसंबू लागते. त्यातून त्या पट्ट्यांवरील द्रव्ये जर व्हॅनिलाच्या गोड घराण्यातील असतील, तर विचारावयासच नको. एकीत दूध आटवल्याचा भास होतो, दुसरीत बिस्किटांच्या भट्टीचा, तिसरीत करपण्याच्या बेताला आलेल्या साखरेचा. आणि शेवटी ही सारी भावंडे एकमेकांसारखीच वाटू लागतात. खाण्यापिण्याची आवड असणाऱ्या माणसाला फ्रेंच भाषेत ‘गुरमां’ म्हणतात. हाच शब्द आता ह्या खाद्यगंधी सुगंधांच्या पंक्तीला लागला आहे, आणि ती पंक्ती इतकी लांबली आहे की तीतून एक पान निवडणे हे कष्टाचे काम होऊन बसले आहे.

ह्या निवडीच्या बाबतीत नाकापेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, असे म्हटल्यास ते आरंभी चमत्कारिक वाटेल. परंतु व्हॅनिलाचा गोडवा माणसाच्या अंगावर कसा चढला, कोणी चढविला आणि तो चढविताना त्याच्या जोडीला काय काय बसविले, हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्या सारख्या दिसणाऱ्या भावंडांचे चेहरे वेगळे होऊ लागतात.

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील दमट अरण्यातील वेल. ऑर्किड अथवा आमर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या अफाट कुळात हजारो जाती आहेत. पण स्वयंपाकघरात आणि बाजारात मोठे स्थान मिळविले ते ह्या एका घराण्याने. आजच्या व्हेराक्रूझ प्रांतातील पापांत्लाच्या परिसरात राहणारे तोतोनाक लोक तिच्या शेंगा जमवीत आणि मुरवीत. त्यांच्यावर सत्ता गाजविणाऱ्या अझ्टेक लोकांनी ह्या शेंगेला आपल्या भाषेत ‘काळे फूल’ म्हटले. वस्तुतः फूल काळे नसते, मुरलेली शेंग काळी असते. पण नाव वासाला दिलेले होते, वनस्पतिशास्त्राला नव्हे. कोकोच्या कडू पेयात ही शेंग पडे. स्पॅनिश विजेत्यांनी तिला ‘लहानसे म्यान’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि तलवारीच्या बळावर आलेल्या माणसांना शेंगेत म्यान दिसावे ह्यात नवल नाही. आजचा ‘व्हॅनिला’ हा शब्द त्याच म्यानातून निघाला आहे.

ह्या शेंगेचे सर्वांत जुने ज्ञात चित्र १५५२ सालच्या एका हस्तलिखितात आहे. मार्तीन दे ला क्रूझ ह्या अझ्टेक वैद्याने आपल्या लोकांच्या औषधी वनस्पतींचा ग्रंथ सांगितला आणि ख्वान बादियानो ह्या दुसऱ्या अझ्टेक विद्वानाने तो लॅटिनमध्ये उतरविला. त्यात व्हॅनिला येते ती प्रवाशाच्या रक्षणासाठी गळ्यात बांधावयाच्या सुगंधी पुडीतील एक द्रव्य म्हणून. म्हणजे ज्या शेंगेला पुढे तीनशे वर्षे युरोपने मुख्यतः पेयातील आणि पक्वान्नातील मसाला मानले, ती तिच्या मायदेशी केवळ पोटात जात नव्हती. ती अंगावरही होती.

युरोपात शेंगा पोहोचल्या, वेलीही पोहोचल्या. पण फळ मात्र पोहोचले नाही. काचगृहांत वेल वाढे, फुलेही येत, आणि फूल गळून पडे. ह्या फुलाची रचनाच मोठी कृपण आहे. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असूनही दोहोंच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, आणि तो ओलांडण्याची विद्या मेक्सिकोच्या रानातील मधमाश्यांनाच साधलेली होती. फूल उमलते पहाटे आणि मिटते त्याच दिवशी दुपारी. तेवढ्या वेळात पराग जागेवर पडला नाही, तर सारे व्यर्थ. त्यामुळे सुमारे तीन शतके व्हॅनिलाच्या व्यापारावर मेक्सिकोची सत्ता अबाधित राहिली. १८३६ साली बेल्जममधील ल्येज येथे शार्ल मोरें ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचगृहातील फुलांवर हाताने परागण करून शेंगा धरविल्या. शास्त्रापुरता प्रश्न सुटला, पण मळेवाल्याचा प्रश्न सुटला नाही. मोरेंची रीत मळ्यापर्यंत पोहोचलीच नाही.

मळेवाल्याचा प्रश्न सोडविला तो हिंदी महासागरातील एका बेटावरच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने.

मादागास्करच्या पूर्वेला असलेले हे बेट तेव्हा बूर्बों म्हणून ओळखले जाई. आज त्याला रेयुनियों म्हणतात. तेथील सेंत-सुझान गावी फेरेऑल बेल्लिए-बोमों नावाचा एक मळेवाला होता. त्याला वनस्पतींचा नाद होता आणि त्याच्या बागेत व्हॅनिलाची एक वेल कित्येक वर्षे वांझ उभी होती. १८२९ साली जन्मलेला एदमों हा त्याच्या पदरचा गुलाम. आई बाळंतपणातच वारलेली. हा पोर मालकाच्या मागोमाग बागेत हिंडे, आणि मालकाने त्याला कलिंगडाच्या नर आणि मादी फुलांचा संयोग हाताने कसा घडवावा हे दाखविले होते. १८४१ साली एके दिवशी बेल्लिएला आपल्या वेलीवर शेंगा लोंबताना दिसल्या. एदमोंने सांगितले, हे माझे काम. प्रथम मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा त्याने मुलाला करून दाखवावयास सांगितले.

एदमोंने फुलाचा ओठ बाजूस केला, बारीक काडीच्या टोकाने मधला पडदा उचलला आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने पराग जेथे पडावयास हवा तेथे टेकविला. एवढेच. क्रिया काही क्षणांची. ती पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी शेजारचे मळेवाले एदमोंला गाडीत बसवून आपापल्या मळ्यांवर नेऊ लागले. गुलामाने गाडीतून जावे आणि मळ्यातील मजुरांना धडे द्यावेत, हा प्रकार त्या बेटावर नवाच असला पाहिजे. पुढच्या काही दशकांत बूर्बों बेटाने मेक्सिकोला मागे टाकले. तेथून ही विद्या मादागास्करला गेली, आणि आज जगाच्या बाजारात येणाऱ्या व्हॅनिलाचा फार मोठा वाटा त्या एका देशातून येतो. आजही ते काम यंत्राने होत नाही. सराईत माणूस एका सकाळी हजाराहून अधिक फुले हाताळतो. प्रत्येक फुलाशी तोच पडदा, तीच काडी आणि तोच अंगठा.

१८४८ साली बेटावर गुलामगिरीचा अंत झाला. मुक्त झालेल्या प्रत्येकाला आडनाव घेणे प्राप्त झाले, तेव्हा एदमोंच्या वाट्याला ‘आल्बियुस’ हे नाव आले. लॅटिन भाषेत पांढऱ्या रंगाला जो शब्द आहे त्याच्याशी ते जुळते. ही व्हॅनिलाच्या फिकट फुलाची आठवण होती, की काळ्या माणसाची थट्टा, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा. मुक्त एदमों शहरात गेला, स्वयंपाकघरातील नोकर झाला, दागिन्यांच्या चोरीच्या आरोपात सापडला आणि सक्तमजुरीवर गेला. बेल्लिएने त्याच्यासाठी अर्ज केला. ज्याच्या अंगठ्याने बेटाचे भाग्य पालटले त्याच्यावर दया व्हावी, असा त्याचा मुद्दा होता, आणि मुदतीपूर्वी एदमोंची सुटका झाली. पण दुसरी चोरी ह्याहून मोठी होती. बेटावरील सरकारी बागेचा प्रमुख असलेल्या झां-मिशेल-क्लोद रिशार ह्या वनस्पतिज्ञाने असा दावा केला की ही रीत मूळची आपली, आपण ती मळेवाल्यांना आधीच दाखविली होती, आणि त्या पोराने ती चोरून पाहिली असावी. बेल्लिएने त्याचा लेखी प्रतिवाद केला. मालक आणि गुलाम ह्या संबंधात जे काही निंद्य आहे ते सारे मान्य करूनही ही एक गोष्ट बेल्लिएच्या पदरी टाकली पाहिजे. नाव त्याला स्वतःला घेता आले असते. ते त्याने घेतले नाही. एदमों आल्बियुस १८८० साली सेंत-सुझानला दारिद्र्यातच वारला. त्याच्या रीतीवर श्रीमंत झालेल्या बेटाने त्याला कसलेही वेतन बांधून दिले नव्हते.

त्याच्या मृत्यूपूर्वीच, तिकडे युरोपात, त्या शेंगेला प्रतिस्पर्धी जन्मला होता. वेलीवरील हिरव्या शेंगेला वासच नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती गरम पाण्यात बुडवावी लागते, लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून घामवावी लागते, उन्हात घालावी लागते आणि मग महिनोन्‌महिने पेट्यांत मुरवावी लागते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो काळी शेंग होते, आणि तिच्यात मुख्य गंधद्रव्य असते शेकडा दोनच्या आसपास. हे द्रव्य, म्हणजे व्हॅनिलिन, गोब्ले ह्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १८५८ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १८७४ साली फेर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान ह्या जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातील एका पदार्थापासून ते तयार करून दाखविले, आणि होल्झमिंडन गावी त्याचा कारखाना उभा राहिला. पुढे ते लाकडापासून कागद करताना उरणाऱ्या द्रवातून आणि खनिज तेलापासूनही निघू लागले. लाकडातील ज्या घटकातून ते निघते तो कागदातही थोडा राहतो. म्हणूनच जुन्या ग्रंथालयातील पिवळ्या पडलेल्या पुस्तकाला जो मंद गोडसर वास येतो, त्यात व्हॅनिलिनचा अंश असतो. ग्रंथप्रेमी माणसे नकळत ह्याच कुळाची भक्त असतात.

आता सुगंधकारांच्या हाती स्वस्त आणि विपुल गोडवा आला. आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. साखर महाग होती तोवर ती थोडी वापरण्याचे शहाणपण आपोआप सांभाळले जात होते; ती पोत्याने मिळू लागली, की स्वयंपाक्याची कसोटी लागते. श्रीखंडाची गोष्ट घ्या. त्याला श्रीखंडपण आणतो तो चक्क्याचा आंबटपणा. साखर कितीही असो, खालून तो आंबटपणा जाणवला नाही तर चौथा चमचा जात नाही. आमरसात सुंठीची आणि मिठाची चिमूट पडते तीही ह्याच कारणासाठी. व्हॅनिलाच्या सुगंधांचा सारा इतिहास हा ह्या चिमटीचा इतिहास आहे. गोडवा सगळ्यांत तोच. निराळा आहे तो त्याला अडविणारा.

पॅरिसमधील गेर्लें ह्या सुगंधकारांच्या पेढीने १८८९ साली, म्हणजे आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, ‘जिकी’ नावाचे सुगंधी द्रव्य बाजारात आणले. एमे गेर्लें हा त्याचा कर्ता. त्याने व्हॅनिलिन घेतले. त्याच्या जोडीला १८६८ साली इंग्लंडमध्ये पर्किनने प्रयोगशाळेत तयार केलेले कुमारिन घेतले, ज्याचा वास वाळत घातलेल्या गवतासारखा असतो. आणि ह्या गोडव्याच्या डोक्यावर लॅव्हेंडरचा थंड, औषधी वास आणि पोटाशी जवादी मांजराच्या ग्रंथीतून मिळणारा उग्र पाशवी गंध ठेवला. तत्कालीन स्त्रियांना हे मिश्रण विचित्र वाटले आणि पुरुषांनी ते आधी उचलले, असे सांगतात. गुलाबाचा वास गुलाबासारखा आणि जाईचा जाईसारखा असावा, अशी सवय असलेल्या समाजाला जिकी कशासारखे आहे हे सांगताच येईना. आधुनिक सुगंधकलेचा आरंभ पुष्कळ जाणकार येथून मानतात तो ह्यामुळेच. त्या काळचे व्हॅनिलिन पुरते शुद्ध नसे, त्यात धुरकट वासाचा किंचित मळ राही, आणि पुढे शुद्ध माल मिळू लागल्यावरही गेर्लें घराण्याला तो मळकट मालच हवासा वाटे, अशीही एक कथा आहे. ती खरी असो वा नसो, त्या धंद्याचे मर्म तीत आले आहे.

एमेचा पुतण्या जाक गेर्लें ह्याने पुढचे पाऊल टाकले. व्हॅनिलिनच्या सुमारे तिप्पट तीव्र असे एथिल व्हॅनिलिन हे नवे द्रव्य त्याच्याकडे आले, आणि ते त्याने जिकीच्या एका बाटलीत सहज ओतून पाहिले, अशी आख्यायिका आहे. त्यातून सिद्ध झालेले ‘शालिमार’ १९२५ साली पॅरिसच्या शोभाकलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात झळकले. इतका गोडवा अंगावर घेण्याची छाती युरोपला तोवर झालेली नव्हती. जाकने त्याला अडविण्यासाठी इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतात होणाऱ्या बर्गमॉट फळाच्या सालीचे तेल भरपूर घातले, आणि तळाशी कमावलेल्या कातड्याची आणि धुराची छटा ठेवली. शालिमारचा पहिला श्वास आंबट आणि झणझणीत, शेवटचा श्वास धुरकट. गोडवा ह्या दोघांच्या कैचीत धरलेला.

नावाविषयी मात्र थोडे थांबणे भाग आहे. शाहजहान आणि मुमताज ह्यांच्या शालिमार बागेतील प्रेमावरून हे नाव घेतले, असे ह्या द्रव्याच्या जाहिराती सांगत आल्या आहेत. श्रीनगरची शालिमार बाग १६१९ साली जहांगिराच्या आज्ञेने घातली गेली. लाहोरची शालिमार बाग शाहजहानची खरी, पण ती १६४१-४२ मधील. आणि मुमताज तर १६३१ सालीच तापीकाठच्या बऱ्हाणपुरास बाळंतपणात वारली होती. खानदेशच्या वेशीवर जिचा अंत झाला तिला दहा वर्षांनी लाहोरच्या बागेत फिरविणे, हे जाहिरातीलाच शक्य आहे. शिवाय त्या दोन्ही बागांत व्हॅनिलाचा वास कधी दरवळला नव्हता. मोगलांच्या अंतःपुराचा सुगंध निराळा होता. गुलाबपाण्यावर तरंगणाऱ्या तवंगातून अत्तर काढण्याची युक्ती नूरजहानच्या आईला सुचली, असे जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात आवर्जून नोंदविले आहे. फ्रेंच कुपीवर हिंदी नाव चढले ते दूरदेशीच्या गूढतेची हौस पुरविण्यासाठी. आणि ह्या धर्तीच्या सुगंधांचे सारे कुळच पुढे कित्येक दशके ‘पौर्वात्य’ म्हणून ओळखले गेले.

पौर्वात्यांना स्वतःला ह्यात नवे काय वाटावे? भारतात खाण्याचा वास आणि अंगाचा वास ह्यांच्यामध्ये युरोपसारखी भिंत कधी नव्हतीच. वाळ्याचे सरबत पिणारा माणूस वाळ्याचे अत्तर लावतो. केवडा मिठाईत पडतो आणि कानातल्या फायातही असतो. गुलाब गुलकंदात आहे, गुलाबदाणीत आहे. फरक दिशेचा आहे. येथे पक्वान्नाने फुलाचा वास उसना घेतला. गुरमां सुगंधांत अंगाने पक्वान्नाचा वास उसना घेतला. पहिल्या प्रकारात जिभेला फुलांचा संस्कार घडतो, दुसऱ्यात त्वचेला मुदपाकखान्याचा. दोहोंत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. पण बसरा गुलाब आणि चंदन ह्यांत वाढलेल्या नाकाला व्हॅनिलाचा अतिरेक लवकर जाणवतो, तो ह्या भेदामुळे.

निवडीचा प्रश्नही येथे नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण घातले आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून आणि त्यांची प्रमाणे पालटून किती सुगंध होतील, ह्याचे त्याने गणित दिले आहे, आणि उत्तर आहे १,७४,७२०. ज्योतिष्याने नाकालाही गणितास बसविले! महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे तो ‘गंधवाद’ हा सुगंधनिर्मितीवरील संस्कृत ग्रंथ, कारण त्याला जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी १९४५ साली ह्या हस्तलिखिताचा विस्तृत परिचय करून दिला आणि त्याचा काळ १३५० ते १५५० ह्यांच्या दरम्यान ठरविला. म्हणजे व्हॅनिलाची शेंग युरोपने पाहिली त्याच्या आधी अथवा त्याच सुमारास कोणीतरी मराठी माणूस गंधांच्या मिश्रणाची कृती मराठीत समजावून देत होता. गोड, तीक्ष्ण, उष्ण, शीत असे गुण एकमेकांशी तोलूनच गंध सिद्ध करावा, ही दृष्टी ह्या देशाच्या अंगवळणी पडलेली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हॅनिलाला उतरती कळा लागली नाही, पण ती फुलांच्या आणि रेझिनांच्या मागे उभी राहिली. तिला पुन्हा पुढे ओढले ते १९९२ साली. थिएरी म्युग्लेर ह्या वेशकाराच्या नावाने ओलिव्हिये क्रेस्प ह्या सुगंधकाराने ‘एंजल’ रचले. त्यात एथिल माल्टॉल हे द्रव्य मोठ्या प्रमाणात होते. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणाऱ्या गुलाबी साखरेच्या कापसाचा, ज्याला मुले ‘म्हातारीचे केस’ म्हणतात त्याचा, वास म्हणजे हेच द्रव्य. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ते वापरात होते; अंगाला इतक्या उघडपणे कोणी लावले नव्हते. ह्या जत्रेला अडवावयाचे तरी कशाने? क्रेस्पने निवडले पॅचुली: मातकट, ओलसर, तळघरातल्या लाकडासारखा गंध, आणि तोही थोडाथोडका नव्हे.

पॅचुली हे नाव तामिळमधील ‘हिरवे पान’ ह्या अर्थाच्या शब्दांवरून आले असे मानतात. महाराष्ट्रात गजऱ्यात आणि वेणीत मरवा-दवण्याबरोबर माळली जाणारी पाच ही तिची जवळची सोयरी. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, तेव्हा त्यांना कसर लागू नये म्हणून घड्यांत ही सुकी पाने घालीत. पॅरिसच्या स्त्रिया खरी शाल वासावरून ओळखू लागल्या. मग नकली शाली विणणाऱ्या फ्रेंच कारखानदारांनी पानेच मागविली आणि आपल्या मालाला तो वास दिला. शालीच्या खरेपणाची खूण असलेला वास अशा रीतीने खोटेपणाच्या कामी आला. त्याच पानाने शंभराहून अधिक वर्षांनी साखरेच्या कापसाला जमिनीवर आणले. म्युग्लेरच्या ह्या द्रव्याला पहिल्या दिवसांत नाके मुरडली गेली, आणि त्यानंतर गुरमां सुगंधांची जी रांग लागली ती अद्याप संपलेली नाही. त्यांतील कित्येकांनी साखर घेतली आणि पाचेचे पान गाळले. ती द्रव्ये दुकानातील पट्टीवर मोहक असतात आणि दुपारपर्यंत डोके दुखवितात.

एवढी कुळकथा ऐकल्यावर पट्ट्यांकडे पुन्हा वळले, तर प्रश्न बदललेला दिसेल. ह्यांत अधिक गोड कोणते, हा तो प्रश्न नव्हे. कारण गोडव्यात बहुधा तेच व्हॅनिलिन अथवा एथिल व्हॅनिलिन असते, आणि तेही बहुतेक कारखान्यातले. शेंगेच्या अर्कात व्हॅनिलिनखेरीज शेकडो इतर घटक अल्प प्रमाणात असतात, त्यामुळे त्याला चामड्याची, मनुकांची, लाकडाची अशी सावली पडते. परंतु ती महाग सावली पुष्कळ कुप्यांत नावापुरतीच असते. विचारावयाचे ते हे, की ह्या गोडव्याच्या समोर कोण उभे आहे? लॅव्हेंडर असेल, तर ते जिकीचे वंशज. १९९५ साली फ्रान्सिस कुर्कजियान ह्याने गोत्तिएच्या नावाने पुरुषांसाठी रचलेले ‘ल माल’ ह्याच शाखेवरचे. त्यात पुदिन्याचा थंडावाही आहे, आणि उकाड्याच्या प्रदेशात ही शाखा सुसह्य होते. बर्गमॉट आणि धूर असेल, तर ते शालिमारचे घर. ते संध्याकाळी आणि थंडीच्या दिवसांत शोभते, दिल्लीच्या पौषात जितके खुलते तितके मुंबईच्या ज्येष्ठात नाही. पाच असेल, तर एंजलचे. २००७ साली टॉम फोर्डच्या नावाने आलेल्या एका द्रव्यात गोडव्यासमोर तंबाखूचे पान उभे केले आहे. पानदान आणि तपकीर ह्यांची आठवण असलेल्या घरातील माणसाला ते परके वाटू नये. आणि समोर कोणीच उभे नसेल, तर ती कुपी खाली ठेवलेली बरी.

दुसरी अडचण वेळेची. व्हॅनिलिन सावकाश उडते. कोणत्याही सुगंधात प्रथम उडते ते फळांच्या सालींचे तेल, मग फुले, आणि सर्वांत शेवटी उरते ती व्हॅनिला. अर्थात दुकानात पट्टीवर जे हुंगले जाते ते बर्गमॉट असते आणि घरी जे आणले जाते ती व्हॅनिला असते. व्हॅनिलिनने द्रव्याचा रंगही काळानुसार तपकिरी होत जातो. जुन्या कुपीतील गडद रंग पाहून माल बिघडला असे समजण्याचे कारण नाही.

शेंगेचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. २००० साली मादागास्करवर मोठे चक्रीवादळ आले, व्हॅनिलाचे मळे झोपले आणि भाव चढत चढत २००३-०४ च्या सुमारास किलोला पाचशे डॉलरांवर गेले. केरळ आणि कर्नाटकातील शेतकऱ्यांनी सुपारीच्या आणि कॉफीच्या बागांत व्हॅनिला लावली. पहाटे कंदिलाच्या नव्हे तर विजेरीच्या उजेडात, तीच काडी आणि तोच अंगठा घेऊन, माणसे फुलाफुलापाशी उभी राहिली. मग मादागास्करचा माल परतला, मोठमोठ्या खरेदीदारांनी दरम्यान कारखान्यातील व्हॅनिलिनचा आश्रय घेतला होता, आणि भाव दहाव्या हिश्श्यावर कोसळले. पुष्कळांनी वेली उपटून टाकल्या. एदमोंच्या रीतीने पैसा बेटावर ज्यांना मिळाला त्यांत एदमों नव्हता. येथेही तो ज्यांच्या हाती राहिला त्यांत काडी धरणारे थोडेच होते.

तेव्हा द्रव्य घ्यावयाचे असेल त्याने पट्टीवर निर्णय करू नये. एका मनगटावर एक आणि दुसऱ्या मनगटावर दुसरे, ह्याहून अधिक लावून घेऊ नये, आणि दुकानातून सरळ बाहेर पडावे. जेवण होईल, काम होईल, घाम येईल. चार-पाच तासांनी मनगट नाकाशी नेले म्हणजे आंबट साली उडून गेलेल्या असतील, विक्रेत्याचे शब्दही उडून गेलेले असतील, आणि उरलेल्या गोडव्याच्या पाठीशी कोणी आहे की नाही हे कळेल. तोवर दुकान बहुधा बंद झालेले असते, हीही त्या द्रव्याच्या परीक्षेतील एक सोयच आहे.